मांडवपरतणीचा दर

आक्का कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी मागायची. आणलेलं पाणी मात्र प्यायची नाही. तांब्या हातात घेऊन "माठ कुठं ठेवलाय?" असं विचारत सरळ स्वयंपाकघरात शिरायची. माठाखालची जागा कोरडी आहे का, ओगराळं कुठं टांगलंय, झाकणावर धूळ आहे का, एवढं बघून बाहेर यायची आणि मगच खुर्चीवर बसायची. त्या घरात मुलगी द्यायची की नाही, हे तोवर तिच्या मनात ठरलेलं असायचं. पुढचं बोलणं नुसतं रीत म्हणून.

सोयरिकी जुळवणं हा तिचा उद्योग. मूळची घाटनांदूरची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर ती अंबाजोगाईला आली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहू लागली. तिच्याकडे दोन फोन, पुरुषी काळी छत्री आणि गावोगावचे इतके ग्रुप होते की एखादा ग्रुप कुणाचा आहे हे तिलाही आठवायचं नाही. ती कधीही टाइप करायची नाही. सगळं आवाजी निरोपात. सकाळी दूध आणायला जावं तर तिच्या ओसरीवरून आवाज यायचा, "पोरगी बीएस्सी हाय, रंग गव्हाळ, भाकरी येती, पण राग लई हाय, हे आदीच सांगायलेय, मागून मला बोलायचं न्हाई."

माणसांना नावानं हाक मारणं तिला जमायचं नाही. नाव विसरतं, गाव विसरत नाही, असं ती म्हणायची. त्यामुळे तिच्या तोंडी माणसं म्हणजे गावंच असायची. "ए माजलगाव, इकडं ये." "केज, तुझ्या आईला म्हणावं फोन उचल." मला मात्र गाव मिळालं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मी 'विंग्रजी'.

ती आमच्याकडे आली ती माझ्यासाठी. आईनंच बोलावलं होतं. पुण्यातली नोकरी सोडून मी घरी परतले होते. तिथे एका भरतीच्या एजन्सीत मी रील बनवायचे आणि पोस्ट लिहायचे, कंपन्यांना लागणारी मुलं सोशल मीडियावरून मिळवून द्यायचे. हेच काम आपल्या गावातून, आपल्या मुलांसाठी करावं असं डोक्यात आलं आणि मग दुसरं काही सुचेना. पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्या शेजारचा गाळा रिकामा होता. पप्पा म्हणाले, "दिवाळीपर्यंत वापर. दिवाळी झाली की मोबाइलवाल्याला भाड्यानं देणार, आणि तू आई म्हणते ती स्थळं बघायची." पप्पा आवाज चढवत नाहीत. त्यामुळे त्यांचं बोलणं मोडताही येत नाही.

त्या दिवशी आक्का माठ बघून आली आणि बाहेर बसायच्या ऐवजी माझ्या खोलीत शिरली. माझ्यासमोर लॅपटॉप होता.

"काय करायलीस?"

"दर ठरवतेय." मी स्क्रीनकडे बघत म्हणाले. अनोळखी माणसाशी बोलताना मला कुठेतरी दुसरीकडे बघावं लागतं.

"कशाचा?"

"कंपन्यांना मुलं हवी असतात, मुलांना नोकरी हवी असते. दोघांची गाठ घालून द्यायची. पण पैसे कुणाकडून घ्यायचे, कधी घ्यायचे, ते कळत नाहीये."

आक्का पलंगावर बसली. छत्री आडवी मांडीवर घेतली. "आन् मी इतकी वर्सं काय करायलेय मग?"

आई चहा घेऊन आली तेव्हा माझ्या लग्नाचा विषय खोलीत उरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्याचं शटर उघडायला गेले तर आक्का पायरीवर. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पगार, भागीदारी, असलं काही तिनं विचारलं नाही. आत येऊन म्हणाली, "वाच बगू तुझे दर."

मी वाचले. पहिला प्रकार, मुलांकडून नोंदणीचे पैसे घ्यायचे. आमच्या भागात बरेचजण असंच करतात.

"न्हाई," आक्का म्हणाली. "गरजवंताकडून आदी पैसा घेतला की आपल्याला कुठलं बी घर चांगलंच दिसाया लागतं. पुढं?"

दुसरा, कंपनीकडून महिन्याचं पॅकेज. इतक्या पोस्ट, इतके रील, मुलं मिळोत न मिळोत.

"म्हंजी लगीन होवो न होवो, पत्रिका छापल्याचे पैसे. हे छापखान्यावाल्याचं काम हाय. पुढं?"

तिसरा मला सगळ्यात आवडलेला. मुलगा कामावर रुजू झाला की त्या दिवशी कंपनीनं प्रत्येक मुलामागे ठरलेली रक्कम द्यायची. सोपं, स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे दिवाळीच्या आत हातात येणारं.

आक्का हसली. तिचे दात पानानं रंगलेले होते, ते सगळे दिसले. "मांडवात समदेच हसत्यात गं. तिथं बगून काय कळतंय? मांडवपरतणीला पोरगी माहेरी येती ना, तवा तिचं तोंड बगावं. आन् तिथून परत सासरी जायला निगाली, की समजायचं सोयरीक जमली. मी माझं लुगडं तवाच घेते. त्याच्या आदी कुणी साडी दिली तर परत करते."

हे खरं होतं. आमच्याकडे मध्यस्थाचा आहेर लग्नातच करतात. आक्का तो घ्यायची नाही. नवी नवरी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येऊन परत सासरी गेली, की मग स्वतः तिच्या बापाच्या दारात जाऊन "आता आणा लुगडं" म्हणायची. जी मुलगी माहेराहून परत गेली नाही, तिच्या लग्नाचं तिनं काही घेतलं नाही.

"पण कंपनीत मांडवपरतणी कुठून आणायची?" मी विचारलं.

"दिवाळीला पोरं घरी येतील का न्हाई?"

पुण्याच्या एजन्सीत मी हेच बघितलं होतं. मुलं रुजू व्हायची, फोटो निघायचे, आमचे पैसे वसूल व्हायचे. मग पहिल्या सणाला मुलं गावी जायची आणि त्यातली निम्मी परत यायचीच नाहीत. कंपनी पुन्हा आमच्याकडे यायची, आम्ही पुन्हा नवी मुलं द्यायचो. त्यावरच एजन्सी चालायची. माझं मन तिथून उडालं ते याच गोष्टीनं, पण हे मला असं एका वाक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

तरी मला तिचा राग आला. दिवाळीनंतर येणारे पैसे माझ्या काय कामाचे? दिवाळीपर्यंतचा तर गाळा होता.

आक्काचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. लातूरची एक कंपनी स्वतःहून आमच्याकडे आली होती. आम्ही बघायला गेलो. पाण्याच्या कूलरजवळच्या पेल्याला साखळी बांधलेली होती. झालं! आक्का तिथूनच फिरली. "पेल्याला साखळी बांदणारा माणूस पगाराला काय काय बांदंल?" मी हात जोडून विनवलं, तिनं ऐकलं नाही. पुढे माझा मावसभाऊ त्याच कंपनीत लागला. तो सांगतो, पगार एक तारखेला होतो आणि मालक देवमाणूस आहे. हे मी आक्काला सांगितलं तर म्हणाली, "असंल. पर पेला सोडायला सांग त्याला."

अमावास्येला ती कुठल्याही कंपनीला फोन करू द्यायची नाही. एका बेकरीवाल्याला तिनं विचारलं होतं, "राग आल्यावर तुमी काय फेकता?" तो गिऱ्हाईक म्हणून परत आला नाही.

चाकणच्या कंपनीची गोष्ट मात्र मला आजही सांगताना उभं राहावंसं वाटतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिथल्या भरती बघणाऱ्या साहेबांना माझं पुण्यातलं काम माहीत होतं, म्हणून त्यांनी बोलावलं. मी इंग्रजीत प्रेझेंटेशन बनवलं, आरशासमोर म्हणून बघितलं, आणि बसमध्ये बसल्यावर तेच पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले. आक्का खिडकीशी. वाटभर धपाटे खात होती.

साहेबांच्या केबिनमध्ये बाटलीबंद पाणी आलं. आक्कानं ते बाजूला सारलं. "पोरं पित्यात ते पाणी दाखवा."

"आजी, ते शॉपफ्लोअरवर आहे."

"मग चला की. पाय हायत मला."

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी टेबलाकडे बघू लागले. शेवटी आम्ही तिघं गेलो. आक्कानं नळाखाली ओंजळ धरली, वास घेतला, प्यायली. मग कँटीन. मग मुलांच्या राहायच्या खोल्या. एका खोलीत तिनं गादी उलटी करून बघितली. वाळत घातलेल्या बनियनला हात लावून म्हणाली, "ऊन येतंय हितं. बरं हाय."

परत केबिनमध्ये आल्यावर साहेब म्हणाले, "आम्ही मुलगा जॉईन झाला की त्याच दिवशी पेमेंट करतो."

मी मान हलवणारच होते.

"नका करू," आक्का म्हणाली.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"रुजू झाल्याचं काय बी देऊ नका. दिवाळीला पोरं गावाकडं येतील. तिथून जेवढी परत येतील, तेवढ्यांचं द्या. पर दुप्पट द्या."

साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी फुकटात मिळाल्यासारखं हसू आलं. दिवाळीहून किती मुलं परत येतात, हे त्यांनाही माहीत होतं. "चालेल आजी," ते लगेच म्हणाले.

मला एकदम दिसलं की हा दर खरा आहे, पण दिवाळीपर्यंत आपण तगणार कसे? जाहिरात, मुलाखती, मुलांना चाकणला नेणं, हे कुठून करायचं? आणि मग मी बोलले. इंग्रजीत बोलले, स्क्रीन न लावता, त्यांच्याकडे बघून. काही रक्कम कामाआधी हवी, ती नंतरच्या पैशातून वळती होईल. एखादा मुलगा दिवाळीआधीच सोडून आला तर त्याच्या जागी दुसरा आम्ही फुकट देऊ. कंपनीची जोखीम कमी होतेय, तर सुरुवातीचा खर्च कंपनीनं उचलावा. माझा आवाज थरथरला नाही. थरथरायचं राहूनच गेलं.

साहेबांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले.

परतीच्या बसमध्ये आक्कानं माझ्या हातावर धपाटं ठेवलं. "तू काय बोललीस ते मला ठिपकाभर कळलं न्हाई. पर त्याचं तोंड उतरलं. म्हंजी बरूबर बोललीस."

त्या आगाऊ रकमेला आम्ही 'साखरपुडा' म्हणू लागलो. माझ्या तक्त्यात आता दोनच ओळी उरल्या. साखरपुडा आणि मांडवपरतणी.

मग ते रील. मी नेहमीसारखी जाहिरात लिहिली होती. पात्रता, वयाची अट, सुविधा. आक्कानं कागद बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागली, "स्थळ चाकणचं हाय. पाणी चांगलं. खोलीत ऊन येतंय. पगार येळेवर, ओव्हरटाइमचं येगळं. स्वभावानं जरा कडक, शिफ्टला उशीर चालत न्हाई. अपेक्षा म्हणाल तर पोरगं आयटीआय केलेलं, आईला फोन करणारं. हुंडा घेणार न्हाई, देणार न्हाई. इच्छुकांनी गाळ्यावर यावं, येताना आईला आणावं."

मी ते तसंच टाकलं. काही काटछाट केली नाही. दुपारपर्यंत फोन इतका तापला की तो मी माठाच्या झाकणावर ठेवला. परळी, धारूर, केज, माजलगाव, कुठून कुठून निरोप. लोक हसत होते, एकमेकांना पाठवत होते, आणि खरंच येत होते. दुसऱ्या दिवशी गाळ्यासमोर आया बसलेल्या. पप्पा दुकानातून बाहेर येऊन बघत राहिले, हातात तांब्याच्या तारेचं भेंडोळं तसंच.

मुलाखत आक्का घ्यायची. तिचा प्रश्न एकच. "घरची याद आली तर काय करशील?"

"न्हाई येणार," एकजण छाती काढून म्हणाला.

"जा घरी. खोटं बोलायलास."

धारूरचा एक उंच, लाजरा मुलगा होता. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "रडंन जरा. मग झोपंन."

"ह्याचं नाव लिही," आक्का मला म्हणाली.

मुलं गेली. पप्पांनी गाळ्याबद्दल काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. साखरपुड्याची रक्कम तर मुलांच्या प्रवासातच संपली होती. दिवाळी आली. मुलं घरी आली. कुणी बहिणीला ड्रेस आणला, कुणी आईला मिक्सर. आमच्या दारी पेढे आले. पण पेढे देताना माजलगावचा मुलगा म्हणाला, "जावंसं वाटंना, ताई. हितं बरं वाटायलंय." मी हसले आणि घरात येऊन पाणी प्यायले.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस होते. मुकादम घरोघरी फिरत होते. ज्यांचे आईबाप तोडीला जाणार, त्यांच्या घरी धाकट्यांजवळ कुणी थांबायचं, हा प्रश्न होता. मुलांना परत न जाण्यासाठी कारणं हवी तेवढी होती. त्यातली बरीचशी खरी होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या बसनं सगळ्यांनी निघायचं ठरलं होतं. त्याच सकाळी मोबाइलवाला गाळा बघायला येणार होता. मी पप्पांना म्हणाले, "किल्ली टेबलावर ठेवलीय," आणि स्टँडवर गेले.

आक्का आधीच आलेली. छत्री बाकड्याला अडकवलेली आणि शेजारी भली मोठी पिशवी. पिशवीत धपाट्यांच्या पुड्या, एकेकाची वेगळी. सासरी परतणाऱ्या मुलीला देतात तशी शिदोरी.

बस फलाटाला लागली. आमचं कुणीच नव्हतं.

"फोन करू का?" मी विचारलं.

तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. "वढून नेलेली पोरगी नांदत नसती."

मी फाटकाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता गाळ्यात मोबाइलची कव्हरं टांगतील. मला वाटलं, आई उद्या कुणाचा तरी फोटो दाखवेल आणि मी मान हलवेन.

मग केज आला. त्याच्यामागं परळी, डोक्यावर पिशवी. मग एका टमटममधून तिघं उतरले. माजलगाव आला तो आईला घेऊनच. त्याच्या आईनं आक्काच्या पायावर डोकं ठेवलं आणि मुलाला म्हणाली, "धाकल्यांचं मी बगते. तू जा." एकानं आपल्या मेव्हण्यालाही आणलं होतं, "ह्याला बी सांगा की कंपनीला!" मी वेड्यासारखी हसत होते. आक्का मात्र हसत नव्हती. ती प्रत्येकाच्या हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे करायची, बघायची आणि शिदोरी द्यायची.

एक पुडी उरली. धारूरची.

"न्हाई यायचा तो," आक्का म्हणाली. "एकाचं चुकतंच."

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली. आणि फाटकातून तो उंच मुलगा पळत येताना मला दिसला, एका हातात बॅग, एका हातात चप्पल.

"थांबा!" मी ओरडले. "ओ, थांबा! आमचा मुलगा येतोय!"

सगळा स्टँड माझ्याकडे बघू लागला. उसाचा रस काढणारा यंत्र थांबवून बघू लागला. शाळेत उत्तर येत असतानाही मी कधी हात वर केला नव्हता. बस थांबली. मुलगा धापा टाकत म्हणाला, "जीप भरंना, ताई, म्हणून उशीर..." मी पुडी त्याच्या हातात कोंबली आणि त्याला दारातून आत ढकललं.

बस गेल्यावर आक्का किती वेळ हसत होती. "आमचा मुलगा म्हणं! लगीन न्हाई, अन् एवढा दाढीचा मुलगा!"

गाळ्यावर परतलो तर मोबाइलवाला येऊन गेला होता. पप्पांनी त्याला काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. मी टेबलावर ठेवलेली किल्ली माझ्यासाठी शटरला लावलेली होती.

महिनाअखेरीस कंपनीचे पैसे आले. त्याच संध्याकाळी आक्का आमच्या घरी आली. तिनं माठ बघितला, मग पप्पांसमोर बसली. "तुमी पोरीचं स्थळ बगा म्हणलतं. जमलं."

"कुणाशी?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"धंद्याशी. घराणं नवं हाय, पर पाणी चांगलं हाय."

पप्पा हसले. फार क्वचित हसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन साडी आणली, अंजिरी रंगाची, रुंद काठाची. आक्कानं हात लावून बघितली आणि परत केली.

"अजून न्हाई. ही अजून मांडवात हाय. एकदा हिला घरी येऊन बसू द्या. तिथनं परत गेली, की घेईन."

संक्रांतीनंतर ती मुलीकडे परभणीला राहायला गेली. मी खूप अडवलं. म्हणाली, "मध्यस्थानं जोडप्याच्या घरात ऱ्हाऊ नये. कावून म्हणशील, तर दोगं भांडल्यावर त्याच्याकडंच बगत्यात."

उन्हाळ्यात ती वेळ आली. दोन कंपन्यांनी मुलं घेतली आणि पैशांचा दिलेला शब्द फिरवला. कुणी फोन उचलेना. मी शटर ओढलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आई जेवायला बोलवायची. पप्पा दारात येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. आक्काचा फोन आला नाही. मीही केला नाही.

मग एका सकाळी उठले, गाळ्यावर गेले, शटर उघडलं, धूळ झाडली. कॅमेरा लावला. या वेळी समोर आक्का नव्हती, म्हणून मीच बसले. "नमस्कार. स्थळ रांजणगावचं आहे," एवढं म्हणाले आणि पुढचं आपोआप आलं.

त्याच आठवड्यात आईनं कपाटातली अंजिरी साडी काढून दिली आणि मी परभणीची बस धरली.

आक्काच्या मुलीनं दार उघडलं. आक्का आत पलंगावर, दोन्ही फोन उशाशी. मी दारातच म्हणाले, "आधी पाणी द्या," आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठ बघून आले. ओगराळं जागेवर होतं.

"विंग्रजी लई शिकली," आक्का म्हणाली. मग पिशवीकडे बघितलं. "घरी बसली हुतीस?"

"हो."

"रडलीस?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "जरा. मग झोपले."

तिनं माझ्या हनुवटीला हात लावला, चेहरा खिडकीकडे वळवला आणि बराच वेळ बघितला.

"मग दे इकडं," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे केले.